कठडा आहे, बिनधास्त टेका

बंदराच्या त्या शहरात सगळे त्याला दुर्बीण म्हणत. तरुणपणी क्षितिजावर नुसता ठिपका दिसला, तरी ते जहाज मालाचं आहे की माणसांचं हे तो सांगायचा, आणि बाकीचे डोळे बारीक करून बघत बसायचे. एकवीस वर्षं तो पर्यटकांना फिरवत होता. सकाळी गोदीमागच्या अरुंद गल्ल्या, मग जुन्या जहाजांचं संग्रहालय, आणि दुपारी घाटातून वर, जिथे डोंगर एकदम संपतो आणि थेट खाली समुद्र सुरू होतो त्या कड्यावर. गल्ल्या आणि संग्रहालय लोक सभ्यपणे बघून घ्यायचे. यायचे ते कड्यासाठी.

आता मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत झाली होती. दोन वर्षांपासून दुर्बिणीला नीट दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता, कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमका तिथेच धुरकट डाग. माणूस दिसे, त्याचं तोंड दिसत नसे. हे चष्म्याचं काम नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरात बायकोला ठाऊक होतं, बाहेर साडूला. चौथ्या माणसाला पत्ता नव्हता.

साडू म्हणजे पर्यटकांच्या त्याच बसचा ड्रायव्हर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा एकाचं घर बसलं तर टेकू दुसऱ्यालाच द्यावा लागणार. साडूने युक्ती काढली. प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरायचा आणि सिगारेट पेटवता पेटवता मोठ्याने बोलायचा, "आज बेट चक्क दिसतंय," नाहीतर "पायऱ्या ओल्या आहेत हं." एवढं कानावर पडलं की दुर्बिणीची गाडी सुरू. बेटाचा इतिहास, दीपगृहाची उंची, कुठल्या खडकावर कुठलं जहाज फुटलं, सगळं तोंडपाठ. लोक बेटाकडे बघायचे, त्याच्या डोळ्यांकडे कोण बघणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण अशी मूठ झाकून जगणं म्हणजे जिवाला घोर. तरी रोज सकाळी तो घराबाहेर पडायचा. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं, आणि पन्नाशी उलटलेल्या, अर्धवट दिसणाऱ्या माणसाला कोण दारात उभं करणार? घरी आई अंथरुणाला खिळलेली. बायको शिवणकाम करून हातभार लावायची, पण हातभार म्हणजे काही घर नव्हे.

त्या दिवशी कड्याच्या अलीकडेच टायर बसला. साडू जॅक लावत खाली राहिला आणि दुर्बिणीने सोळा माणसं चालत वर नेली. चढण त्याच्या पायांना पाठ होती. वर एका माणसाला आपल्या आईचा फोटो काढायचा होता. आजी ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, सकाळपासून प्रत्येक गोष्टीत खोट काढणाऱ्या. मुलगा फोनमध्ये डोळे घालून चौकट जुळवत होता. दुर्बीण रोजच्याच सुरात म्हणाला, "आजी, थोडं मागे सरका. अजून थोडं. कठडा आहे, बिनधास्त टेका."

आजी दोन पावलं मागे सरकल्या. मग स्वभावाला जागून त्यांनी मान वळवली.

"कसला कठडा? मला ढकलायलाच आणलंय का इथवर?"

सगळे हसले. इतका मुरलेला माणूस, गंमतच करत असणार. दुर्बीण पुढे झाला आणि त्याने हात लांब केला. लोखंडाच्या जागी हाताला वारा लागला. कठडा आदल्या दिवशी दुरुस्तीला काढून नेला होता, आणि त्याच्या जागी बांधलेली दोरी सुटून कड्याखाली लोंबत होती. तो आजींचा दंड धरून त्यांना आत घेऊन आला आणि तिथेच मटकन बसला. लोकांनी त्याचाही फोटो काढला.

खाली आल्यावर साडूला सांगितलं, तर त्याच्या हातातला पाना गळून पडला. तो उचलून त्याने नट आवळायला घेतले.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," तो म्हणाला. "आता कुठे बोलू नकोस."

संध्याकाळी सहलींच्या कंपनीच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. दुर्बिणीला वाटलं, संपलं सगळं.

"अहो, काय कौतुक लिहिलंय लोकांनी तुमचं," मॅडम म्हणाल्या. "कठडा नसताना टेका म्हणालात म्हणे. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची. असं काहीतरी रोज करत जा."

फोन ठेवून तो बायकोसमोर जाऊन बसला. ती मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना टीप मारत होती.

"उद्या मी सांगून टाकतो," तो म्हणाला.

"पडलं का कोणी?"

"नाही."

"मग?"

"दोन पावलं उरली होती गं. फार तर तीन."

मशीन थांबलं नाही. "अहो, आतल्या खोलीत तुमची आई आहे. सांगून टाका, आणि मग परवापासून काय करायचं तेही सांगा."

तिला कोणी दगडाच्या काळजाची म्हणू नये. ती घाबरली होती. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची आई दिसत नाही, घरातलीच दिसते. दुर्बिणीला मात्र रात्रभर त्या आजींचा दंड हाताला लागत राहिला, सुरकुतलेला आणि गरम.

सकाळी बस भरली. कालची गोष्ट फोनवरून सगळ्यांपर्यंत पोचलेली. पुढच्या सीटवरचा एकजण बायकोला म्हणाला, "हेच ते. भारी विनोदी आहेत." साडूने इंजिन सुरू केलं. दुर्बिणीने माइक घेतला. स्वागताची ठरलेली चार वाक्यं जिभेवर आलीही होती, ती त्याने गिळली.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

बसभर हशा उसळला. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"खरंच दिसत नाही मला. काल माझ्यामुळे एक आजी कड्यावरून जाणार होत्या."

या वेळी हसणारे कमी होते, पण होते. समोर तोंडांच्या जागी नुसते धुरकट डाग. कोण हसतंय आणि कोण घाबरलंय, हेही त्याला कळेना. माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला.

साडूने इंजिन बंद केलं.