ऑरिन ट्रिंबलचे केस

आयोवातल्या मिलबर्ग गावात ऑरिन ट्रिंबलचं खिळ्यामोळ्यांचं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. तरी दर शनिवारी तो गुस्ताव न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि म्हातारा गुस्ताव गंभीर चेहऱ्याने टकलाभोवती कात्री वाजवतो. जुनी नाती अशी सुटत नाहीत.

१९०७ साली हाच ऑरिन गावच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. एकाने चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर कोसळायचं, असला तो फुटबॉल. टाळकी शाबूत राहावीत म्हणून पोरं उन्हाळ्यापासून केस वाढवत. चामड्याच्या टोप्या निघाल्या होत्या, पण त्या घालणारा भित्रा ठरे. त्या वर्षी तर पोरांनी बायबलवर हात ठेवून शपथच घेतली, की हरेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही. आदल्या साली पहिल्याच सामन्यात धूळ चाटली होती, त्यामुळे ही शपथ फार दिवस छळेल अशी भीती कुणालाच नव्हती.

आणि संघ जिंकतच सुटला. गाव वेडं झालं. बेकरीवाली फुकट पाव वाटू लागली, पाद्रीबाबांच्या प्रवचनात देखील चेंडू डोकावू लागला. एकटा गुस्ताव रिकाम्या खुर्चीत बसून माश्या मारत होता. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाची टर्की पोटात गेली, मोसम संपला, संघ अजिंक्य राहिला. मग कप्तानाच्या ध्यानात आलं, की शपथेत मोसमाचा उल्लेखच नव्हता. हरायला आता सामनाच उरला नव्हता.

ऑरिनचं लग्न नाताळात होतं. नवरी पाद्रीबाबांचीच मुलगी, हेस्टर. बाबांनी भावी जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझ्यापुढे नवरदेव उभा राहू दे," ते म्हणाले. "गवताच्या गंजीचं लग्न मी लावत नसतो."

बायबलवरची शपथ मोडावी तरी बाबा खवळणार, पाळावी तरी लग्न अडणार. ऑरिनच्या तोंडचं पाणी पळालं. हेस्टर मात्र तडक गुस्तावकडे गेली. गुस्तावने लोहार, खाटीक, नदीवर बर्फ कापणारे दांडगे भाऊ असा संघ उभा केला आणि कॉलेजला आव्हान दिलं. कप्तानाने पोरांना बजावलं, की मुद्दाम हरणं म्हणजेही शपथ मोडणंच.

सामन्याच्या दिवशी ओला बर्फ पडत होता. पोरं लोहारावर आपटून परत येत होती. दोन्ही बाजूंचा भोपळा काही फुटेना. अंधारायला लागलं. कॉलेजचा संघ आपल्याच गोलरेषेशी रेटला गेला होता. वाकून दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, हे ऑरिनचं काम. मोसमभर त्यात त्याची चूक झाली नव्हती. त्याने वाकून चेंडू दिला तो थेट कप्तानाच्या डोक्यावरून रेषेपलीकडे, आणि खाटीक त्यावर भिंत पडावी तसा पडला. सामना गुस्तावच्या संघाने जिंकला.

हरलेली पोरं चिखलानिशी गुस्तावच्या दारात रांगेत उभी राहिली. कप्तान वगळता सगळी हसत होती.

आजही थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचं गोड पक्वान्न, पंपकिन-पाय, कापताना हेस्टर तोच प्रश्न काढते.

"ऑरिन, खरं सांग. तू मुद्दाम केलंस ना?"

"ओले केस डोळ्यांवर आले होते. कप्तानच दिसेना मला."

"आता तर नाहीत ना डोळ्यांवर?" हेस्टर त्याच्या टकलाकडे पाहत विचारते. "आता सांग."

ऑरिन ताटली पुढे करतो आणि मोठा तुकडा मागतो.