आंबा, अननस आणि खालचा उग्र वास

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला आमची लॅब आहे. तिथे मी शीतपेयांसाठी फळांचे स्वाद बनवते. मध्यंतरी कॅनडातल्या एका कंपनीचं काम आलं. तिकडे गांजा कायदेशीर. त्यांना गांजाच्या एका गाजलेल्या सटायव्हा जातीचा स्वाद हवा होता, पण गांजाशिवाय. इथे त्याचं एक पानही आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं वर्णन पाठवलं: आधी पिकलेला आंबा, मग अननस, थोडा पेरू, शेवटी ओलं गवत. झाड उंच, पानं अरुंद. नशा गुंगी आणणारी नव्हे, माणसाला हलकं आणि बोलकं करणारी, असंही लिहिलं होतं. त्याच्याशी माझा संबंध नव्हता. मला वास जमवायचा होता.

बऱ्याच खटपटीनंतर तो जमलासा वाटला. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून मी ती आमच्या सीनियर सरांना दिली. साठी ओलांडलेले चिनी गृहस्थ, इथल्या लोकांसारखं बोलता बोलता 'लाह' जोडणारे; लॅबमध्ये शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी हुंगून पट्टी खाली ठेवली.

"हा नुसता ज्यूस झाला, लाह. आंबा ठीक आहे. पण त्याच्याखाली घामासारखं, उग्र काहीतरी असतं. अननसाची सालं डब्यात राहिली की येतो ना, तसा वास."

"तुम्हाला कसं माहीत?" मी हसत विचारलं.

ते हसले नाहीत. "माझा धाकटा भाऊ जहाजावर होता. सुट्टीवर आला की त्याच्या शर्टांना हा वास यायचा. आई म्हणायची, कुठल्या देशाची फळं खाऊन येतोस रे? आम्हाला खरंच फळं वाटायची. मग एकदा घरी पोलीस आले."

भावाला बरीच वर्षं तुरुंगवास झाला, शिक्षेत वेताचे फटकेही बसले. तो आत असतानाच आई गेली.

मी पट्टी उचलून घेतली. "हे काम नाकारू या का?"

"नको. घेतलंयस तर नीट कर."

मी त्यात गंधकाच्या एका संयुगाचा अंश घातला, नाकाला जेमतेम कळेल एवढाच. त्यासरशी फळं जिवंत झाली, आणि गोडाच्या तळाशी काहीतरी नासायला लागल्यासारखं वाटलं. पट्टी त्यांच्यापुढे धरवेना. त्यांनीच ती घेतली, डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरली.

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

कंपनीने तोच नमुना पसंत केला.

पुढे ते निवृत्त झाले. त्यांनी मला सेरंगूनच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं, तेव्हा भाऊ तिथेच होता. किडकिडीत, पांढऱ्या केसांचा, बोलण्याआधी थांबणारा. त्याने विचारलं, "तूही ह्याच्यासारखे वास बनवतेस?"

"हो. बहुतेक फळांचेच."

"आईला फळं फार आवडायची," तो म्हणाला.

सर खाली मान घालून माशाचे काटे काढत होते. काटे काढून झालेला तुकडा त्यांनी भावाच्या भातावर ठेवला.