शांताक्कांचा फिएस्टा

दुकानाबाहेर 'फिएस्टा' असा फलक दिसला की शांताक्का आत शिरायच्या आणि काहीही न घेता बाहेर यायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरमध्ये हा शब्द एकाएकी सगळीकडे उगवला होता. साड्यांचा फिएस्टा, आइस्क्रीमचा फिएस्टा, मोठ्या हॉटेलात परदेशी जेवणाचा फिएस्टा. जयनगरच्या एका साडीच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. विक्रेता अदबीने पुढे आला.

"काय दाखवू, अम्मा?"

"बाहेर लिहिलंय ते कुठाय?"

"सगळ्या सिल्कवर सूट आहे, अम्मा."

"सूट आहे ते कळलं. नाचतंय कोण?"

तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. शांताक्कांनी त्याच्या हातावर थोपटलं, "परवागिल्ला, असू दे, पुढच्या वेळी," म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर आलो. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. काहीतरी शोधायला गेलेल्या आणि ते न मिळालेल्या माणसाचा होता. ते माझ्या लक्षात आलं, पण कारण कळायला पुढे बरेच दिवस गेले.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून नीट सांगते. तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून बनशंकरीला राहायला आलो, तेव्हा समोरच्या घरात शांताक्का एकट्या राहत होत्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, किंचित वाकलेल्या, केसांत नेहमी मोगऱ्याचा छोटा गजरा. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली असे, की मला आधी कान द्यावा लागे आणि मग त्याच मराठीची गोडी लागे. "सुधा, स्वल्प बस गे, कॉफी होते," हे त्यांचं पहिलं वाक्य अजून माझ्या कानात आहे.

मी तेव्हा फार शिस्तीची होते. घरी सत्यनारायण असला, तरी आठवडाभर आधी आमंत्रणं लिहून त्यात येण्याची आणि जेवणाची वेळ घालायची. माझं कार्ड हातात घेऊन शांताक्का म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे लोक देवालासुद्धा वेळ देता. उशिरा आला तर उभा ठेवाल त्याला."

फिएस्टा हा शब्द त्यांना लहानपणी मिळाला होता. त्या शिकल्या त्या कॉन्व्हेंटमध्ये स्पेनहून आलेल्या एक वयस्कर नन होत्या. दुपारच्या शिवणाच्या तासाला त्या आपल्या गावाबद्दल बोलायच्या. वर्षातून एक दिवस गावचा संत देवळातून बाहेर निघतो. गल्लीगल्लीतून त्याची पालखी फिरते. बाजा वाजतो, रस्त्यातच टेबलं मांडतात. कुणाला बोलावणं जात नाही, कारण कुणी बाहेरचं नसतंच. आणि ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे, त्यांना गावातली म्हातारी माणसं मुद्दाम पालखीच्या एकाच दांड्याखाली उभं करतात.

"हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा असा आला," शांताक्का सांगायच्या. "संताचा दिवस, सुट्टीचा दिवस. मग कुठल्याही मौजमजेला म्हणू लागले. आता साड्यांना म्हणतात. गाव सोडलं की शब्द हलका होतो गे, सुधा. माणूसही होतो. आमचंच बघ ना, तीनशे वर्षांत काय काय गळून पडलं."

निबंधात एखाद्या मुलीने बहिणीच्या लग्नाला फिएस्टा म्हटलं, तर त्या शब्दाखाली हलकी रेघ ओढून समासात लिहायच्या : लग्नाला आमंत्रण लागतं.

मी एकदा विचारलं, "मग आपल्याकडे खरा फिएस्टा कुठला, शांताक्का?"

त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "कडलेकाई परिशे."

म्हणजे बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आसपासचे शेतकरी नवं पीक नंदीला वाहतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे डोंगर उभे राहतात. शांताक्कांचं माहेर तिथूनच जवळ होतं. वडील दोघा भावंडांना घेऊन जायचे. घरचा नेम असा, की पहिली मूठ नंदीला, दुसरी बाजूला उभा असेल त्याला, मग आपल्या तोंडात. बाजूला कोण आहे, हे बघायचं नाही. नुसता हात पुढे करायचा.

"मग या वर्षी जाऊ आपण," मी म्हटलं.

"मी जात नाही."

"का?"

"तिथे वासू येतो."

वासू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वासुदेव. वडिलांमागे त्याने बसवनगुडीचं घर एका बिल्डरला दिलं होतं. "विकलं त्याचं नाही गे," शांताक्का म्हणाल्या. "घर त्याच्या नावावर होतं. पण मी बसमधून जाताना पाहिलं, की आमची दारं काढून रस्त्यावर निजवली आहेत. मला एक शब्द सांगितलं असतं, तर मी त्या दिवशी त्या रस्त्याने गेले नसते." तेव्हापासून भावाशी अबोला होता आणि तेव्हापासून परिशेही सुटली होती. मला तेव्हा साडीच्या दुकानातला त्यांचा चेहरा आठवला.

काही वर्षं अशीच गेली. शांताक्कांची नजर मंद होऊ लागली. दिव्यांभोवती वलयं दिसतात, म्हणायच्या, आणि त्याचंही त्यांना कौतुक. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दुपारी त्या आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. नवी इरकली, ताजा गजरा.

"चल. परत काय दिसेल, काय नाही, कोण जाणे. परिशेतले ते दिवे आज बघून घेते."

ऑटोतून उतरलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बंगळूरची ती थंडी अंगाला नुसती शिवते, बोचत नाही. भाजलेल्या शेंगांचा धूर गुलमोहरांच्या फांद्यांत अडकून निळा झाला होता. पिपाण्या, फुगे, मुलांचे आवाज सगळे कुठून तरी पाण्याखालून आल्यासारखे येत होते. टरफलांवरून चालताना पायाखाली कुरकुर आवाज होई. शांताक्का माझा दंड धरून हळूहळू चालत होत्या आणि प्रत्येक बत्तीपाशी थांबत होत्या. "हिला बघ केवढं वलय आहे," म्हणत होत्या. मला वाटलं, मी त्यांना नव्हे, त्याच मला कुठेतरी घेऊन चालल्या आहेत.

शेंगा घेतल्या. नंदीपुढे पहिली मूठ ठेवली. देवळाच्या पायऱ्या उतरून खाली आलो, तेव्हा कडेच्या कट्ट्यापाशी एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. शांताक्कांकडे बघून ते जागच्या जागी थबकले. नाक अगदी त्यांचंच. मी ओळखलं. शांताक्कांना कितपत दिसलं, मला सांगता येणार नाही. त्यांची बोटं माझ्या दंडावर घट्ट झाली.

मग त्यांनी माझा दंड सोडला, पिशवीत हात घातला आणि बाजूला न बघता मूठ पुढे केली.

त्या गृहस्थांनी दोन्ही हातांची ओंजळ केली.

"घे," शांताक्का म्हणाल्या. "स्वल्प कच्च्या आहेत."

"सरी, अक्का. चालतील," ते म्हणाले.

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे फुंकले, लाल सालं उडवली आणि आपल्या बहिणीच्या तळहातावर ठेवले. घराचं कुणी बोललं नाही. दारांचंही नाही. दोघं कट्ट्यावर बसली. तो सोलत होता, ती खात होती. मी थोडी लांब जाऊन उभी राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी वासूअण्णाच त्यांच्याबरोबर गेले. नजर चांगली परत आली. मग आम्ही दोघी कितीदा तरी जयनगरला गेलो आणि तसले फलकही जागोजागी असत, पण शांताक्का पुन्हा कधी आत शिरल्या नाहीत. त्या गेल्या, त्यालाही आता खूप वर्षं झाली. परिशेच्या दुसऱ्या दिवशी वासूअण्णा शेंगांची पिशवी घेऊन यायचे, फाटकातूनच माझ्या हातात पहिली मूठ द्यायचे. तेही गेले. मी आमंत्रणं लिहिणं केव्हाच सोडलं आहे.

तुमची आई सांगते, तुमच्याकडे हा शब्द चिप्सच्या पाकिटांवरसुद्धा असतो. असू दे. पाकीट फोडाल तेव्हा पहिली मूठ बाजूच्याला द्या, मान वळवून बघू नका. त्या दिवशी तुम्हा दोघांचं भांडण झालेलं असेल, तर बाजूला कोण बसलंय हे तुम्हाला तसंही ठाऊक असेल.