पाय दिला की पाणी बंद

अकोल्यात आमच्या गल्लीत नळाच्या दिवशी कोणी पाहुणा आला, तर त्याला आधी माणसांचे पायच दिसतात. दारोदारी एकेक जण उभा, एक पाय जमिनीवर आणि दुसरा रबरी पाइपवर. ड्रम भरला की पाइप दुमडायचा, दुमडीवर पाय द्यायचा, तोंड उचलून दुसऱ्या ड्रममध्ये टाकायचं, मग पाय काढायचा. नळाला तोटी आहे, नाही असं नाही. पण पाणी वर चढत नाही म्हणून सगळ्यांनी आपापले नळ रस्त्याच्याही खाली, गुडघाभर खड्ड्यात उतरवून घेतले आहेत. तिथे वाकून तोटी फिरवेपर्यंत ड्रम उतू जातो, आणि आठवड्याने येणारं पाणी असं नालीत गेलेलं आमच्याकडे कोणाला बघवत नाही.

माझं माहेर अचलपूरचं. अंगणात विहीर होती, तिला बारा महिने पाणी. लग्न होऊन इथे आले तेव्हा हे पायाचं काम मला जमेना. पाइप पायाखालून सटकायचा, साडी भिजायची, शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि पुढच्या खोलीतून नवरा ओरडायचा, "अवं, पानी चाल्लं ना!"

नवरा शिंपी. पुढची खोली हेच दुकान. पँटी आणि शाळेचे गणवेश, दुसरं काही नाही. ब्लाउज शिवत नव्हते. बायकांना कधीच पटत नाही, असं म्हणायचे. मशीन पायाची. सगळ्यांनी विजेच्या मोटरी लावल्या, यांनी लावली नाही. पायानं चालवली तर मशीन आपलं ऐकते, मोटर लावली की आपण तिचं ऐकायचं, हे त्यांचं म्हणणं. कान असे तिखट की मशीनच्या खडखडाटातही त्यांना बाहेरचा ड्रम भरत आलेला कळायचा. भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होतो म्हणे. मला आजवर तो बारीक आवाज ऐकू आलेला नाही. मला ऐकू यायचं ते मशीन थांबलेलं, आणि त्यामागून ती आरोळी. पोळी तव्यावर टाकून धावावं लागायचं. संसारात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच असेल. मला त्याचा राग यायचा. "तुमच्यानं उठवत नाही का?" असं मी पण सुनवायची.

पुढे मुलगी परतवाड्याला दिली, घरात दोघंच उरलो, आणि नळ भरणं हळूहळू त्यांनीच स्वतःकडे घेतलं. माझं काम त्यांना कधी पसंत नव्हतंच. नळाच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते पाण्यामागे लागत. थेंब सांडू देत नसत. शेवटचा गुंड, म्हणजे पिण्याच्या पाण्याची घागर, भरून झाला की पाइपात उरलेलं पाणी तुळशीला, आणि मग हात पुसत मला म्हणायचे, "पाह्य, असं भरत असते."

मग त्यांचे हात गेले. एकदम नाही. आधी सुईत दोरा जाईना. चष्मा बदलून आणला. मग कात्री हातातून पडू लागली, आणि एका गिऱ्हाइकाची पँट तिरपी कापली गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिरपी कापली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अंगठ्याजवळचं मांस उतरून तिथे खळगा पडला होता. मी रोज तेल चोळायची. नणंद म्हणाली कौंडण्यपूरला जाऊन या, गेलो. देवासमोर त्यांना हात जोडता येईनात. बोटं एकमेकांना लागेचनात. शेवटी नुसती मान वाकवून परत आलो. मला त्या देवाचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आमच्यापासून काही लपवलं नाही. नसांचा आजार आहे, औषध नाही, हळूहळू पसरत जाईल. यांनी एकच विचारलं, "पाय?" डॉक्टर म्हणाले, "पायही. कधी ते सांगता येत नाही." कान आणि डोकं शेवटपर्यंत चांगलं राहील, असंही ते म्हणाले. ही आनंदाची बातमी असल्यासारखं म्हणाले.

घरी आल्यावर ते आठ-दहा दिवस मशीनसमोर नुसते बसून असायचे, हात मांडीवर टाकून. पाय मात्र पायडलवर. कपडा नाही, दोरा नाही, रिकामं मशीन चालवायचे. तो आवाज मला सोसवेना. नळाच्या दिवशी मी पाणी भरू लागले आणि त्यांनी दारात उभं राहून बघायचं, असं सुरू झालं. त्यांनी तेही फार दिवस केलं नाही. एका सकाळी समोरच्या वेल्डिंगवाल्या भाईंना बोलावून आणलं आणि मशीनचं पायडल काढायला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, मशीन मोडता काय?"

"मशीन मोडलंच हाय. पाय चांगले हायेत, त्याईले काम देतो."

त्यांनी भाईंना समजावलं ते असं. पायडल एका जाड फळीवर बसवायचं. त्याच्या पुढच्या कडेला खालून एक सळई जोडायची. सळईखाली फळीत खाच, आणि त्या खाचेतून नळाचा पाइप न्यायचा. ते खुर्चीवर बसणार, मी पाइपचं तोंड धरून ड्रमपाशी. भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दबाए तो बंद होना के चालू होना, टेलर साब?"

यांना प्रश्नच कळला नाही. "बंद! पाय देल्ल्यावर आनखीन काय होते भाई?"

भाईही हसले. त्यांचाही जन्म याच गल्लीतला. मीही तिथेच उभी होते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पाय दिला की पाणी बंद. दुसरं काही असू शकतं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि ते फार छान चालायचं, हे सांगितलंच पाहिजे. पंजा जरासा दाबला की सळई पाइपवर बसायची आणि माझ्या हातातली धार बारीक व्हायची, अजून दाबला की तुटायची. पंजा सैल केला की पाणी परत सुरू. आयुष्यभर पायडलवर वागवलेला पाय तो. टाका जिथे थांबवायचा तिथे थांबवणारा. मला ड्रम भरला हे सांगावंही लागत नसे, त्यांना माझ्याआधी कळायचं. "घे आता गुंड." "धर बादली." "अवं, इकडं पाह्य ना, पानी चाल्लं ना!" परत तेच. हात लुळे पडलेला माणूस खुर्चीत बसून माझ्यावर ओरडत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम उलट उत्तरं द्यायची. गल्लीतली पोरं बघायला येत. भाभी, म्हणजे भाईंची बायको, म्हणाली, आमच्याकडेही असंच बसवून द्या. एक अख्खा उन्हाळा आमचा असा गेला. मला वाटू लागलं होतं, डॉक्टर चुकले असतील. चुकतात ना डॉक्टर.

पुढच्या तपासणीला अमरावतीला गेलो. दवाखान्यात वॉर्डाबाहेर हात धुवायचं मोठं बेसिन होतं आणि त्याच्या खाली पायाने दाबायची पट्टी. डॉक्टर येत, पट्टी दाबत, पाणी येई. पाय काढला की बंद. आमचे हे बराच वेळ बघत राहिले. मग उठून तिथे गेले. हात धुण्यासारखे राहिले नव्हते, नुसता पाय ठेवला. पाणी आलं. काढला. थांबलं. परत ठेवला. चार-पाच वेळा झाल्यावर तिथली आयाबाई म्हणाली, "काका, काहून पानी वाया घालून राह्यले?" उभ्या जन्मात त्यांना हे कोणी म्हटलं नसेल. ते बाकावर येऊन बसले.

एसटीत बडनेरा मागे पडल्यावर म्हणाले, "आपलं उलटं झालं वं."

"काय उलटं?"

"त्याईच्या इथं पाय काढला का पानी बंद. आपल्या इथं पाय असन तवाच बंद. जोर पाह्यजे."

मला कळायला वेळ लागला. आमच्या त्या पायडलला पाणी सोडायला काहीच लागत नव्हतं, थांबवायलाच सगळं लागत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "मग करून घेऊ ना सुलटं. भाईंना उद्याच सांगते."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "नोको. सुलटं केलं आन पाय गेला, तं नळ येईन आन ड्रम कोरडाच राहीन. कोनाले समजन बी नाही का मी तिथं बसेल हाओ. असंच राहू दे. पानी वाह्यलं तं बोंब तरी होईन."

मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. असं कोणी बोलतं का, अशा रागात होते. खरं तर भीती वाटत होती, आणि भीती त्यांना दाखवायची नव्हती.

बोंब झाली ती दिवाळीनंतर. मी पाइपचं तोंड ड्रममध्ये सोडून गुंड आणायला आत गेले होते. ड्रम भरला तरी ते थांबवतील, ही सवयच झाली होती. आत मला समोरच्या भाभीचा आवाज आला, तीही मला भाभीच म्हणते, "अरे पानी जा रहा ना टेलर साब! भाभी, ओ भाभी!" मी बाहेर आले. ड्रम उतू जात होता, अंगणातून पाणी पायरी उतरून रस्त्यावर चाललं होतं. ते खुर्चीत होते. पाय पायडलवरच होता. मांडी थरथरत होती, कपाळावर घाम आला होता, दात आवळलेले.

"दाबून राह्यलो ना मी," ते म्हणाले. "दाबून राह्यलो."

त्यांची चप्पल पाण्यावर तरंगत नालीकडे निघाली होती. मला पाइप दुमडायचं सुचलं नाही. मी त्यांच्या पायावर माझा पाय ठेवला आणि दाबला. सळई बसली, पाणी थांबलं. माझ्या पायाखाली त्यांचा पाय ओल्या फडक्यासारखा मऊ लागत होता. आम्ही दोघं तसेच राहिलो. दारोदारी लोक आपापल्या पाइपवर पाय देऊन आमच्याकडे बघत होते.

पुढच्या नळाला मी खुर्ची मांडली. ते म्हणाले, "उचल ते." मी पायडल उचलून मशीनच्या सांगाड्याखाली ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे, भंगारवाला मागतो, मी देत नाही.

त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही. काठी, मग खाट. हिवाळ्यात खोकला सुरू झाला. मग शब्द जड झाले, मग शब्दांचे नुसते आवाज, आणि आता तेही नाहीत. डॉक्टरांचं एक मात्र खरं ठरलं. कान आणि डोकं अगदी चांगलं आहे. मी स्वयंपाकघरात भांडं पाडलं की खाटेवर त्यांच्या पापण्या हलतात. दिवसभर मी त्यांच्याशी बोलते, गल्लीतलं सगळं सांगते. उत्तर नसलेलं बोलणं किती लवकर संपतं, हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

पाणी आता मी भरते, पाय देऊन, सगळ्यांसारखी. खाट खिडकीशी आहे, ड्रम खिडकीच्या बाहेर. गेल्या नळाच्या दिवशी ड्रम भरत आला होता आणि मी पाइप दुमडून पाय उचलला होता. तो खाली ठेवला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. दुमड हातातून सोडून दिली. पाणी काठोकाठ आलं, मग काठावरून खाली आलं, माझ्या पायावरून गेलं. मी खिडकीकडे कान लावून उभी होते. मला ओरडणं हवं होतं. नुसतं घरघरणं आलं असतं तरी चाललं असतं. समोरून भाभी ओरडली. पलीकडचा म्हातारा ओरडला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग आत गेले. ते जागे होते. डोळे दाराकडे लागलेले, मोठे झालेले, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. ते पहिल्यापासून ऐकत होते. ड्रम भरत आल्यापासून, तो आवाज बारीक झाल्यापासून.

मी पदराने त्यांचे कान पुसले आणि म्हटलं, "बंद केलं जी."

बाहेर पाणी चालूच होतं, आणि ते त्यांना ऐकू येत होतं.