टिकली लावलेला रेकॉर्डर

८ फेब्रुवारी. काम: दौलतराव काकाजींचा रेकॉर्डर फडक्याने पुसणे, चार्ज करणे, टिकली बदलणे.

रेकॉर्डरला टिकली कशाला, ते सांगते. आदिलाबादेत आमच्या शेजारी राहणारे काकाजी नोकरीत गिरदावर होते, म्हणजे महसूल खात्यातर्फे गावोगाव जाऊन जमिनीचे तंटे जागेवर पाहणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोयरिकी जमवायचं काम अंगावर घेतलं. बोथपासून नार्नूरपर्यंत आमच्या लोकांत बैठक ठरली की आधी त्यांना निरोप जायचा. ते मधल्या खुर्चीवर बसायचे, फारसं बोलायचे नाहीत, नुसती तोंडं पाहायचे. मुलाच्या बापाची भुवई कुठल्या प्रश्नाला हलली, एवढ्यावरून त्यांनी सोयरिकी मोडल्या आहेत.

मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बोलावणी येत राहिली, पण मधली खुर्ची गेली. "काकाजी, तुमी इकडं पंख्याखाली बसा," म्हणत लोक त्यांना कोपऱ्यात बसवू लागले. एकदा घरी येऊन मला म्हणाले, "बाई, मले पंख्याखाली ठेवून राह्यले. मी काय वाळवण हाये?"

हैदराबादच्या मुलाने त्यांना बोलणारा रेकॉर्डर आणून दिला. बटण दाबलं की आतली बाई हिंदीत सांगायची, 'रिकॉर्डिंग चालू', 'रिकॉर्डिंग बंद'. बटणं मात्र सगळी सारखीच गुळगुळीत, बोटांना कळेनात. मी वीज कार्यालयात नोकरी करते; अडलेलं यंत्र मला बघवत नाही. कपाळावरची खड्याची टिकली काढली आणि बंदच्या बटणावर चिकटवली.

काकाजींनी ती चाचपली. "यंत्राले सवाशीण केलं का?"

"बंद करायचं बटण आहे ते."

"मंग बरोबर. आमच्या घरीबी बंद कराचा हुकूम तिचाच चालते."

आतून काकूंचा आवाज आला, "आयकून राह्यली मी!"

मोबाइलवर बोलून लिहायलाही मीच शिकवलं. घरात वऱ्हाडी बोलणारा हा माणूस फोनशी मात्र तहसीलदारासमोर उभा राहिल्यासारखा बोलायचा. टोपी घालायचा आणि सुरुवात करायचा, "कृपया लिहून घ्यावे." फोन तेही लिहून घ्यायचा. एकदा समाजाच्या ग्रुपवर त्यांचा शोकसंदेश आला: 'कृपया लिहून घ्यावे तात्यांच्या आत्म्यास शांती लाभो वांगी कशी दिली सगळी किडकी परत ने.' दारात भाजीवाली आली होती आणि काकू मागेच उभ्या होत्या. ग्रुपवर सगळ्यांनी खाली हात जोडले.

खरं संकट रेकॉर्डरने आणलं. "तोंड दिसत नाई तं आवाज पायतो. घरी जाऊन पुन्ना पुन्ना आयकीन," असा त्यांचा हिशेब होता. नार्नूरच्या बैठकीत त्यांनी तो मधोमध ठेवला. 'रिकॉर्डिंग चालू' म्हणताच सगळी बैठक रेडिओवर आल्यासारखी बोलू लागली. मुलाच्या बापाने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सरकवला आणि सांगितलं, "आमच्या घराण्यात कोणालाही कसलेही व्यसन नाही." मुलीच्या मामाने यंत्राकडे वाकून स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि वय सांगितलं. ती सोयरीक जमली नाही आणि मोडलीही नाही, नुसती लोंबकळली. त्यानंतर कोपऱ्यातल्या पंख्याचंही बोलावणं बंद झालं. लोक उघड म्हणू लागले, "यंत्र आणत असन तं काकाजी नको."

ते ओट्यावर बसून असायचे. "सारे आवाज सारखे झाले, बाई. मले तं सारे सरपंचच वाटून राह्यले."

मग आमच्या थोरलीची, मनीषाची बैठक आली. पाहुणे गुडीहत्नूरचे. मी काकाजींना बोलावलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. नवरा कुरकुरला, मी ऐकलं नाही. दया म्हणून नव्हे. भरवशाचा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता. यंत्र सुरू झालं. मनीषा गृहकृत्यदक्ष आहे, असं तिच्या बापाने यंत्राला सांगितलं. मुलगा अत्यंत शांत आहे, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेवढ्यात यंत्रातली बाई म्हणाली, 'बॅटरी कम है', आणि मागोमाग, 'रिकॉर्डिंग बंद.'

सगळ्या खोलीने श्वास सोडला. मुलाचे वडील पाठ टेकून बसले. "आता घरचं म्हणून सांगतो, काकाजी. आमचं पोरगं झोपेत चालते. एकडाव तं हायवेपावतर गेलं होतं."

मी ट्रे खाली ठेवला. "आमची सकाळी नऊच्या आत उठत नाही. भाकरी केली तर जिल्ह्याचा नकाशा होतो."

"काऊन? रातभर जागते का?" मुलाच्या आईने विचारलं.

"मोबाइल बघत असते."

"मंग रातभर पोरावर नजर राहीन!" बाईंचा चेहरा उजळला. चहा गार व्हायच्या आत सोयरीक जमली.

काकाजी हसत होते. "आवाज येगळे येगळे झाले, बाई. मी बी काय येडा! सारी नोकरी बयान लिवण्यात गेली. दप्तर बांधून निंगालो का मंग लोक खरं सांगत. यंत्रानं आठोन देलं."

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरली. यंत्र मधोमध ठेवायचं, लोकांना त्यात पोटभर खोटं बोलू द्यायचं, मग सगळ्यांना दिसेल असं टिकलीवर बोट दाबायचं. 'रिकॉर्डिंग बंद' झालं की कामाला सुरुवात. मधली खुर्ची परत मिळाली. ते म्हणायचे, "खोटं ठेवाले यंत्र हाये, खऱ्याले आपण हाओत."

दिवाळीनंतर काकाजी गेले. मुलाने हैदराबादला परत जाताना रेकॉर्डर माझ्या हातात दिला. आज पुसता पुसता ऐकला. निर्व्यसनी घराणी, शांत मुलं, गृहकृत्यदक्ष मुली; सगळं खोटं, एकदम स्वच्छ आवाजात. शेवटचं रेकॉर्डिंग दवाखान्यातलं आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, सोमवारी घरी जाऊ." मग काकाजींचा आवाज: "बरं. आता बंद करतो."

पुढे काय बोलणं झालं, ते यंत्रात नाही.

जुनी टिकली गळून पडली होती. नवी लावली. उद्या धाकटीची बैठक आहे.

९ फेब्रुवारी. सकाळी बोथचे पाहुणे आले. मधल्या खुर्चीवर कोण, असं नवऱ्याने डोळ्यांनीच विचारलं. मी बसले. यंत्र चालू केलं. आमची मुलगी फार मनमिळाऊ आहे, असं यंत्राला सांगितलं. त्यांचा मुलगा फार आज्ञाधारक निघाला. मग सगळ्यांना दिसेल असं टिकलीवर बोट दाबलं.

'रिकॉर्डिंग बंद.'

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "आता सांगू का, बाई?"

मी खुर्ची पुढे ओढली.