एका अक्षराची दुरुस्ती

मॅडमनी लाल पेन काढलं आणि माझ्या तक्रारीतला 'व' खोडून त्यावर 'ग' लिहिला.

मी लिहिलं होतं, 'लायब्ररीत सरांनी माझ्या छातीला हात लावला.' आता झालं, 'सरांचा हात लागला.' मॅडम मराठी शिकवतात. 'सरांनी'चं 'सरांचा' करायला विसरल्या नाहीत. व्याकरणाच्या बाबतीत आमचं कॉलेज फार जागरूक आहे.

"दोन रॅकच्या मध्ये जागा किती असते गं?" त्या म्हणाल्या. "लागला असेल. तुमच्या वस्तीत बोलणं जरा रांगडं असतं ना, तुला फरक कळला नसेल."

आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरावर. घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांचं कपाट. आणि लावला-लागला यातला फरक तिथे शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतो. त्यासाठी एम. ए. लागत नाही.

तक्रार समितीत तिघं होती. मॅडम अध्यक्ष, शेजारी उपप्राचार्य, आणि बाहेरून बोलावलेल्या एक वकीलबाई, ज्या चहा पिताना फक्त घड्याळाकडे बघत होत्या. उपप्राचार्य म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हिचं. हिलाच स्वच्छ प्रत काढू दे."

मी काढली. कुणी माझा हात धरला नव्हता. इतिहासाचे इंटर्नल मार्क सरांकडे होते. आई म्हणत होती, "डिग्री हातात पडू दे गं, मग बोल काय ते." एकही खाडाखोड न करता मी 'लागला' लिहिलं. खाली सही केली.

दोन महिन्यांनी कॉलेजात 'सुरक्षित परिसर सप्ताह' आला. प्रतिबंध हाच खरा उपाय, असं प्राचार्य म्हणाले आणि मुलींना शिट्ट्या वाटल्या. गुलाबी. शिट्टी ऐकून कोण येणार, ते कुणी सांगितलं नाही. उद्घाटनाला स्त्रीमुक्तीवर बोलायला सर. शाल, श्रीफळ, वर तासभर भाषण. मला पोस्टर रंगवायला बसवलं. अर्थात अक्षरामुळे. 'नाही म्हणजे नाही' असं मी चौदा वेळा लिहिलं.

पंधराव्याला फर्स्ट इयरची एक मुलगी शेजारी येऊन बसली. ब्रश धुता धुता हळूच म्हणाली, "ताई, काल लायब्ररीत सरांचा हात लागला."

ती समितीपुढे गेलेली नव्हती. दुरुस्ती घरूनच करून आली होती.

"लागला की लावला?"

तिने ब्रश मगात ठेवून दिला.

"लावला," म्हणाली. "दोनदा."

त्याच दोन रॅकच्या मध्ये. गुन्हा सरांचा. स्वच्छ प्रत माझी.

आम्ही दोघी समितीकडे गेलो. तिची तक्रार, आणि माझी पुन्हा नव्याने. मॅडमनी कपाटातून माझी जुनी प्रत काढली. लाल शाईचा कागद अर्थातच कुठे नव्हता.

"हे तुझंच अक्षर ना? यात 'लागला' आहे. मग आता 'लावला' कसा झाला? आणि हिलाही तूच पढवलंस, हो ना?"

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "शब्द तुमचा. हेही लिहून घ्या."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि माझा नवा कागद पुढे ओढू लागल्या.

"हात लावू नका, मॅडम."

वकीलबाईंनी घड्याळावरून नजर उचलली. परत ठेवली.

निकाल आला: तक्रारदाराच्या दोन निवेदनांत विसंगती. दुसऱ्या तक्रारीला पुरावा नाही. वार्षिक अहवालात 'तक्रारी : निरंक'. सर आता त्या सप्ताहाचे कायमचे समन्वयक आहेत. ती मुलगी कॉलेजला येत नाही. फोन मात्र उचलते. माझे इंटर्नल मार्क अजून लागलेले नाहीत. की लावलेले नाहीत, ते सरांनाच ठाऊक.

उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तिथेही टेबल असेल, पेन असेल, आणि "लागला असेल गं" म्हणणारं कुणीतरी असेलच. काही घडेल असं मला वाटत नाही. पण जबाब मी अक्षर अन् अक्षर वाचणार. 'ग' दिसला तर सही करणार नाही. पुन्हा लिहा म्हणेन. पुन्हा 'ग' आला, तर पुन्हा.

स्वच्छ प्रत मी आता कुणालाही काढून देणार नाही.