पाळण्यावरच्या चिमण्या कुठून आल्या

या गं बायांनो, जरा जवळ सरकून बसा. दारात उभ्या राहून ऐकाल आणि अर्धंच घरी घेऊन जाल, मला तुमची सवय ठाऊक आहे. आणि आधी एक बोलून घेते, राग मानू नका. साडी घेताना तुम्ही पदर बोटांत चुरगाळून बघता, रंग जातो का म्हणून दुकानदाराचा जीव खाता. आणि जे बाळाच्या तोंडात जाणार ते मात्र डबासुद्धा न उघडता उचलून आणता. मी या श्रावणात सांगली-सातारा पालथं घातलं ते ह्याच्यापायीच. घरी येऊन पाय शेकले, पण डोकं काही थंड झालेलं नाही.

माझ्या धाकट्या भावाची, बापूची मुलगी शालन तासगावला दिली आहे. तिला मुलगी झाली, बारसं झालं. बापू फौजेतून पेन्शनीवर आलेला, साताऱ्याजवळच्या गावात शेती बघतो. त्यानं हौसेनं नातीसाठी चिमणाळं (पाळण्यावर टांगायचं लाकडी चिमण्या-पोपटांचं खेळणं) नेलं. आमच्याकडे ते माहेरचंच लागतं. सासू त्याला तेलाचं बोट लावते, हळदकुंकू वाहते आणि मग पाळण्याला बांधते. सगळं रीतीनं झालं. पोर पालथी पडायला लागली, हात पुरायला लागला, आणि एक दिवस पोपटच तोंडात. ओठ लाल, लाळ लाल, मग उलट्या. तासगावच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. पोर वाचली, पण डोळे आत गेलेले अजून बाहेर आले नाहीत.

पुढं पंचमीला बापू मुराळी (लेकीला माहेरी न्यायला येणारा) म्हणून गेला, तर सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि एकटाच परत पाठवला. वर एवढंच म्हणाल्या, "तिकडं आनि काय काय खायला घालाल पोरीला."

बापू माझ्याकडे सांगलीला आला आणि माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. मी विचारलं, "अरे, घेतलंस कुठून?" तर म्हणाला, "आक्का, ते कशाला आता. आहेराचं दुकान कुणी विचारत न्हाई आनि कुणी सांगत न्हाई." खरंच आहे ते. माहेरच्या वस्तूचं दुकान विचारणं म्हणजे तिची किंमत विचारणं, असं आपण मानतो. शेवटी उपाशी ठेवीन म्हटल्यावर बोलला. साताऱ्याच्या प्रदर्शनातून. डब्यावर लिहिलेलं, रहिमतपूरच्या कारागिरांच्या हातचं, लाखेच्या रंगाचं, बाळाला निर्धोक.

लाखेचा रंग उलट्या कसा करवेल? मी लहानपणी तसली खेळणी चघळून दात आणलेत. म्हटलं, जाऊन बघतेच.

आधी तासगावला गेले. वाटेत द्राक्षांच्या बागा हिरव्यागार, बेदाण्याची शेडं मात्र रिकामी, नुसत्या जाळ्या वाऱ्यावर फडफडत होत्या. शालन दारात आली ती "आत्या" म्हणाली आणि वाट द्यायला बाजूला सरली. तिच्या सासूबाई, इंदूताई, सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, ते चिमणाळं द्या. त्यांनी फडक्यात बांधलेलं गाठोडं आतून आणलं, माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं.

"न्या. माहेरचं माहेरी."

मी वाकून ते उचललं. पण उंबऱ्यावरून वस्तू उचलताना कानशिलं तापतात, ते तुम्ही कधी अनुभवलं नसेल तर बरंच आहे.

तशीच सांगलीहून साताऱ्याची गाडी धरली. पिशवीत चिमण्या, गाडीच्या प्रत्येक गचक्याला खुळखुळायच्या. इस्लामपूरला एक लेकुरवाळी शेजारी बसली. तिचं पोर आवाजाकडे झेपावायला लागलं. मी पिशवी पायाखाली घातली. पोरानं भोकाड पसरलं.

"द्या की आजी घटकाभर. काय खानार हाय व्हय तुमचं?"

"तेच तर. खाईल म्हणूनच देत नाही."

"अगं बाई," ती पुढच्या सीटवरच्या बाईला म्हणाली, "म्हातारपनी बी खेळन्याचा लोभ सुटत न्हाई कुना-कुनाचा." गाडीभर हसू झालं. मी सगळी हकीकत सांगायला तोंड उघडलं, तोवर कराड आलं आणि ती उतरून गेली. माझी चप्पलही कराडच्या स्टँडवरच तुटली. पुढचा सगळा प्रवास अंगठ्याला सुतळी बांधून.

साताऱ्यात लग्नाचे मुहूर्त नसले की मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि तिथं पुन्हा पुन्हा ही प्रदर्शनं भरतात. लोणची, चादरी, खादीचे झब्बे, आणि कोपऱ्यात खेळण्यांचं टेबल. टेबलाशेजारी चटईवर एक बाई बसलेली, नऊवारी, कपाळभर कुंकू. एका हातानं कमानीची दोरी ओढून लाकूड फिरवत होती, दुसऱ्या हातानं त्यावर लाखेची कांडी धरत होती. फिरता फिरता लाकडावर पिवळाजर्द पट्टा उमटायचा. केवड्याच्या पानानं घासलं की असा चकाकायचा की बघत राहावं. बायका बघत राहायच्या, आणि बघून झालं की टेबलावरचं चिमणाळं उचलायच्या.

मीही उचललं. केसांना तेल असतंच आपल्या, तेच बोट पोपटावर घासलं. बोट लाल.

विकणारा तरुण मुलगा होता, खिशाला पेन, बोलायला गोड. "आजी, नातवासाठी का? अस्सल रहिमतपूरचं. समोर बनतंय बघा."

"समोर भोवरा बनतोय. हे पोपट कोण बनवतं?"

"त्यांच्याच घरचे. सगळं कुटुंब राबतं."

"मग त्यांच्या लाखेचा रंग जात नाही आणि तुमचा माझ्या बोटाला कसा लागला?"

त्यानं माझं बोट बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजी, तेल कुणी लावतं का खेळण्याला?"

मी त्याला काय सांगू? तेलच लावतो आम्ही, बाबा. हळद लावतो, कुंकू लावतो, आणि मग तान्ह्याच्या तोंडावर टांगतो. तुझ्या आईनंही लावलं असेल. चटईवरच्या बाईनं हे सगळं ऐकलं. दोरी थांबवली नाही, पण मान खाली घातली. मी तिला विचारलं, "तुमचं घर कुठं?" तर म्हणाली, "रहिमतपुरात कातारी आळी ईचारा. मालक घरीच हायती."

कातारी म्हणजे लाकूड चरकावर फिरवून त्याला आकार देणारा. रहिमतपूरला पोचले तेव्हा बाजार उठत होता. तिच्या घरी तिचा नवरा विजेच्या चरकावर पलंगाचे पाय कातत होता. ओसरीभर पायच पाय, खेळणं एकही नाही. मी प्रदर्शनातून विकत आणलेला डबा पुढं केला. त्यानं चरक बंद केला, डबा फिरवून बघितला, परत दिला.

"आमचं न्हाई ह्ये."

"तुमच्या गावाचं नाव आहे वर. तुमची बायको तिथं बसते."

"बसती. भवरे कातती. त्यांनी बोलावलं, गेली. ईकायचा माल निराळा, त्यो पोत्यातनं येतो."

"आणि तुम्हाला हे चालतं?"

आता तो चिडला. "आवं बाई, आमी लाखंचं चिमनाळं करून बाजारात बसत हुतो तवा तुमी आला न्हाईसा. तवा तुमाला प्लास्टिकची मोटार पायजे हुती. आता प्रदर्शनात बाई बसली की लगीच अस्सल पायजे. पलंगाच्या पायावर घर चालतंय माजं."

मी म्हटलं, "तुमचा राग मला मान्य. पण पोरीच्या पोटात रंग गेला तो तुमच्या बायकोच्या कुंकवाकडे बघून गेला."

यावर तो उठला. आत कुणाला तरी हाक मारून म्हणाला, भाकरी वाढा. भांडणात माणूस जेवायला घालतो, असला आपला मुलूख. बाजरीची भाकरी आणि वाघ्या घेवड्याची उसळ (पट्टेरी दाण्याचा, इकडचाच घेवडा), वर कच्चा कांदा. उसळ चवीची होती हे मी रागातसुद्धा कबूल करते. मी हात धुताना तो म्हणाला, "पोती सांगलीत उतरत्यात. मार्केट यार्डाच्या मागं, तुमच्याच गावात. तिथं ईचारा."

ऐकलंत? जिल्हा ओलांडून मी माग काढत आले, आणि माल उतरतो कुठं, तर मी भाजीला जाते त्या रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी ते गोदाम शोधलं. दारात ट्रक उभा, हमाल पोती उतरवत होते. आत पोरीबाळी खाली बसून पोत्यातली चिमणाळी काढून, पुसून डब्यात घालत होत्या आणि डब्यावर रहिमतपूरच्या नावाची चिठ्ठी चिकटवत होत्या. हात सगळ्यांचे लाल-हिरवे. ट्रकवाला चहा पीत होता. हिंदीत म्हणाला, माल लांबून येतो, वर उत्तरेकडून, कारखान्यातून, तिथं खिडक्या-दरवाज्यांना देतात तोच रंग खेळण्यांना मारतात. लपवायचं असतं हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

गोदामाचा मालक गादीवर बसला होता. मी चिमणाळं त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, पोरीच्या सलाईनपासून. त्यानं शांतपणे ऐकलं. पंखा माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "मावशी, ज्यानं आहेर केला त्याला घेऊन या. बदलून देतो."

"तो येणार नाही."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "कुणीच येत नाही. इतकी वर्षं धंदा करतोय, बारशाचा माल कधी परत आला नाही. देणारा लाजतो, घेणारा विचारत नाही. दुसरं काही विकलं तर रोज भांडणं."

असं म्हणाला, आणि हसला नाहीसुद्धा. नुसता धंद्याचा हिशेब सांगावा तसं. बायांनो, त्याला लाख ठाऊक नाही, लाकूड ठाऊक नाही, पण आपण ठाऊक आहोत. आपल्या घरातली अब्रू कुठं दुखते ते त्यानं बरोबर हेरलंय आणि नेमकं तिथं दुकान मांडलंय. मी तिथल्या तिथं, त्या पोरींसमोर, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला बोलले. काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. हमाल थांबून ऐकत होते. शेवटी त्यानं मला बाहेर काढलं, हाताला धरून, अगदी अदबीनं.

तशीच तासगावला गेले. इंदूताईंच्या ओसरीवर शेजारच्या दोघीजणी शेंगा फोडत बसल्या होत्या. शालन म्हणाली, "आत्या, आत चला." मी म्हटलं नाही, इथंच. आणि जे कधी सांगायचं नसतं ते सांगितलं. कुठल्या प्रदर्शनातून घेतलं, तिथं कोण बसवलंय, पोती कुठं उतरतात, डब्यावर नाव कोण चिकटवतं. "माझ्या भावानं स्वस्त शोधलं नाही, विहीणबाई. फसला तो. आणि तो पुन्हा फसेल, तुम्हीही फसाल, कारण आपण कुणी एकमेकींना दुकान सांगत नाही."

मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "साताऱ्याचं मंगल कार्यालय? स्टँडाच्या अंगाला?"

"होय."

"बाई भवरा करती?"

"होय. तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "माज्या लेकीला, वंदाला, मीच नेलंय तितलं. पाटनला. तिचं पोरगं सारखं पोट धरून रडतंय. आमी म्हनतोय पाटनचं पानी जड हाय."

शेजारणींचे हात थांबले. शालननं मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि ती आत जाऊन सासूची प्रवासाची पिशवी घेऊन आली. न सांगता.

"पन तितल्या विहिनीला काय तोंडानं सांगू?" इंदूताई पिशवीकडे बघत म्हणाल्या. "पंचमीला मुराळी माघारी लावला मी. आता माज्याच लेकीला तिनं तसंच केलं तर?"

"केलं तर केलं. मी येते बरोबर."

आम्ही दोघी विहिणी कराडमार्गे पाटणला गेलो. कोयनेला पाणी भरून आलेलं, डोंगरावरून ढग खाली उतरलेले. बघण्यासारखा मुलूख, पण आम्ही दोघींनी खिडकीबाहेर बघितलं नाही. वंदाच्या घरी पाळणा माजघरात होता, पोरगं झोपलेलं, मुठीत पोपटाची दोरी. इंदूताईंनी आधी ती मूठ सोडवली, चिमणाळं काढलं, आणि मग वंदाच्या सासूसमोर उभं राहून सगळं सांगितलं, दुकानाच्या नावासकट. वंदाच्या सासूनं ते हातात घेतलं. मग उठली, चिमणाळं चुलीत घालायला गेली, आणि मी तिला अडवलं. त्या रंगाचा धूरसुद्धा घरात नको, म्हटलं. परड्यात खड्डा करून पुरलं.

परतताना इंदूताई म्हणाल्या, "बापूदादांना निरोप द्या. शालनला न्यायला या म्हनावं. पंचमी गेली तर गेली."

शालन आता पोरीसकट माहेरी आहे. वंदाच्या मुलाला कराडच्या डॉक्टरांना दाखवलं, औषध चालू आहे, बघू. ते प्रदर्शन साताऱ्याहून पुढं गेलं, कुठल्या गावात मांडलंय कोण जाणे. गोदाम मात्र आहे तिथंच आहे, रोज भाजीला जाताना मला दिसतं, आणि रोज माझं रक्त तापतं. एकटी म्हातारी बोलली की ते हाताला धरून बाहेर काढतात. म्हणून सांगते, घरी जाऊन आपापल्या पाळण्यावरच्या चिमणाळ्याला तेलाचं बोट लावून बघा. बोट लाल झालं तर कुणी दिलं, त्याला काय वाटेल, हे मनात आणू नका. ते खेळणं पिशवीत घाला आणि सरळ इथं माझ्याकडे या. पाच-पंचवीस जणी जमलो की मिळून त्या गादीसमोर जाऊन बसू, भाकरी बांधून नेऊ. लवकर या, मी वाट बघतेय.